ऑपरेशनच्या वेळी कुत्र्याला सलाईन किती द्यायचं? नसबंदीच्या चर्चेत राहून जाणारा प्रश्न

भटक्या कुत्र्यांचा विषय २०२५ पासून सोशल मीडियावर सतत पेटलेला आहे. एक गट म्हणतो सगळी कुत्री उचला, दुसरा म्हणतो एकालाही हात लावू नका. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे बहुतेक लोक सहमत असतात, ती म्हणजे नसबंदी. नसबंदी करा, लस द्या, संख्या आटोक्यात आणा.

हे वाक्य बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक नसबंदी म्हणजे पूर्ण भूल देऊन केलेलं ऑपरेशन असतं. मादीच्या बाबतीत तर पोट उघडून गर्भाशय आणि बीजांडं काढावी लागतात. आदेशानंतर अशी ऑपरेशन्स वाढणार असतील, तर ती कशी होतात हेही बघायला हवं.

यातला एक भाग लोकांच्या नजरेत लगेच भरतो. तो म्हणजे सलाईन. "सलाईनसुद्धा लावलं नव्हतं," अशी तक्रार ऐकू येते. आणि दवाखान्यात पाळीव कुत्र्याला मोठी बाटली लटकवलेली दिसली, की घरच्यांना बरं वाटतं. म्हणजे सलाईन लावलं तर उपचार चांगला आणि नाही लावलं तर हलगर्जी, असं आपलं साधं गणित असतं.

पशुवैद्यकशास्त्राचं उत्तर मात्र वेगळं आहे. भुलेखाली शिरेतून दिलेला द्रव हे औषध आहे. त्याला डोस असतो, कारण असावं लागतं आणि त्याचे दुष्परिणामही असतात. तो कमी पडला तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, जास्त झाला तर फुप्फुसात पाणी साठू शकतं. हा डोस कसा ठरतो, ते समजून घेऊया.

आत्ताच हा विषय का?

दिल्लीतल्या कुत्राचावा आणि रेबीजच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या शेवटी स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री पकडून निवारा केंद्रात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी, जंतनाशक आणि लसीकरण झाल्यावर कुत्र्याला त्याच भागात परत सोडायचं, मात्र रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना सोडायचं नाही, असं ठरलं. प्रकरणाची व्याप्तीही सगळ्या राज्यांपर्यंत वाढली.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला आणखी एक आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायची, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं नाही.

नाशिकच्या भाषेत सांगायचं तर महामार्ग बसस्थानक, नाशिकरोड रेल्वे स्थानक, जिल्हा रुग्णालय आणि शहरातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांची आवारं या यादीत येतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. म्हणजे शहरात महापालिकेवर. बातम्यांत आकडा येतो तो किती कुत्र्यांची नसबंदी झाली याचा. त्या प्रत्येक आकड्यामागे भूल दिलेला एक जीव टेबलावर असतो.

भूल दिल्यावर शरीरात काय होतं?

जागं असताना कुत्र्याचं शरीर स्वतःचा रक्तदाब सांभाळतं. रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे आकुंचन पावतात, हृदय वेग बदलतं, तहान लागली की कुत्रा पाणी पितो. भूल दिल्यावर यातल्या बऱ्याच गोष्टी मंदावतात किंवा बंद पडतात.

आयसोफ्लुरेनसारख्या वायूच्या भुलेने रक्तवाहिन्या सैलावतात. रक्त तेवढंच असतं, पण वाहिन्यांतली जागा वाढलेली असते. त्यामुळे दाब घसरतो. बारीक पाईपऐवजी रुंद पाईप लावला की टाकीत पाणी तेवढंच असूनही नळाला जोर राहत नाही, तसंच हे. त्यात उघड्या पोटातून ओलावा उडतो, थोडं रक्त जातं आणि अंग गार पडतं.

रक्तदाब फार वेळ खाली राहिला, की आधी मूत्रपिंड, आतडी आणि मेंदू यांना रक्त कमी पडतं. साधारणपणे सरासरी रक्तदाब ६० च्या खाली किंवा वरचा आकडा ८० ते ९० च्या खाली गेला, की डॉक्टर हस्तक्षेप करतात. शिरेतून द्रव देण्याचा मुख्य हेतू हा, की वाहिन्यांत पुरेसं रक्त फिरत राहावं आणि अवयवांना प्राणवायू पोहोचत राहावा.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भूल आणि ऑपरेशनच्या ताणामुळे शरीर पाणी धरून ठेवायला लागतं. लघवी कमी होते. त्यामुळे जास्तीचा द्रव लघवीवाटे निघून जाईल, हा भरवसा भुलेखाली धरता येत नाही. शिवाय सलाईन किंवा आरएल यांसारखा पातळ द्रव शिरेतून दिला, तरी अर्ध्या-एक तासात त्यातला जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग रक्तवाहिन्यांत उरतो. बाकीचा आसपासच्या ऊतींमध्ये झिरपतो. तिथे सूज येते, जखम भरायला वेळ लागतो आणि प्रसंगी फुप्फुसं जड होतात.

१० वरून ५ वर: आकडा का बदलला?

अनेक वर्षं पशुवैद्यकीय शिक्षणात एक सोपा आकडा शिकवला जायचा. भूल दिलेल्या कुत्र्याला दर किलो वजनामागे तासाला १० मिली. आकडा लक्षात ठेवायला सोपा होता, पण त्याला भक्कम पुरावा नव्हता. २०१३ साली अमेरिकेतल्या प्राणी रुग्णालयांच्या आणि मांजरतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात निरोगी कुत्र्यासाठी सुरुवातीचा दर दर किलोमागे तासाला ५ मिली आणि मांजरासाठी ३ मिली सांगितला गेला. हा फक्त सुरुवातीचा दर आहे. पुढे प्राण्याकडे बघून तो कमी-जास्त करायचा असतो.

हा बदल फक्त प्राण्यांच्या वैद्यकापुरता नव्हता. केनिया, युगांडा आणि टांझानियात गंभीर संसर्ग झालेल्या ३,१४१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगाने सलाईन दिलेल्या मुलांपैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. तसा वेगाने द्रव न दिलेल्या मुलांत हे प्रमाण ७.३ टक्के होतं. ती मुलं आजारी होती, भुलेखाली नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा कुत्र्यांना लावता येत नाही. पण "भरपूर सलाईन दिलं तर निदान नुकसान तरी होणार नाही" या समजुतीला त्या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

प्राण्यांमधली एक नोंदही बोलकी आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भुलेखालच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास झाला. त्यात ९८,०३६ कुत्री होती. एकूण मृत्यूचं प्रमाण ०.१७ टक्के निघालं. निरोगी कुत्र्यांत ते ०.०५ टक्के होतं, तर आधीच आजारी असलेल्यांत १.३३ टक्के. त्याच अभ्यासात शिरेतून द्रव दिलेल्या मांजरांत मृत्यूची शक्यता सुमारे चौपट दिसली. आता यावरून सलाईनने मांजरं मेली, असं म्हणता येणार नाही. जास्त आजारी मांजरांनाच सलाईन लावलं गेलं असण्याची शक्यता आहे. पण लहान शरीरात द्रव मोजून न दिल्याचा वाटाही त्यात असू शकतो.

द्वारका चौकातून आलेली तीन कुत्री

आकडा एकच धरून का चालत नाही, हे उदाहरणाने बघूया. द्वारका हा नाशिकचा सगळ्यात गजबजलेला चौक. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे भेटतात. वरून उड्डाणपूल, खाली रिक्षा, बस, ट्रक. समजा या परिसरातून एकाच दिवशी तीन कुत्री ऑपरेशनसाठी आली. तिन्ही उदाहरणं काल्पनिक आहेत, पण अशी कुत्री कुठल्याही दवाखान्यात रोज येतात.

पहिली, दोन वर्षांची भटकी मादी. वजन १५ किलो, अंगाने धडधाकट, नसबंदीसाठी आणलेली. दर किलोमागे तासाला ५ मिली धरले, तर तिला तासाला ७५ मिली द्रव लागेल. अर्ध्या तासाच्या ऑपरेशनला साधारण ३५ ते ४० मिली, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. सराईत हाताने वीस मिनिटांत आटोपणाऱ्या ऑपरेशनमध्ये अशा कुत्रीला मोठी बाटली चढवायची गरज नसते. पण शिरेत सुई लावून ठेवणं मात्र फार उपयोगाचं असतं. रक्तस्राव झाला किंवा हृदय मंदावलं, तर औषध लगेच देता येतं. दाब कोसळल्यावर शीर शोधत बसायला वेळ नसतो.

दुसरा, नऊ वर्षांचा घरचा पॉमेरेनियन. वजन ५ किलो, दात किडल्यामुळे काढायचे आहेत. तपासताना हृदयात फुरफुर ऐकू येते. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळणं हा नेहमीचा आजार आहे. हृदय आधीच ओझ्याखाली असताना वर द्रव ढकलला, तर तो फुप्फुसात उतरू शकतो. इथे तासाला २५ मिली हा नेहमीचा दरही जास्त ठरू शकतो, म्हणून डॉक्टर तो आणखी खाली आणतात. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे या कुत्र्याचं सगळं रक्त मिळून ४०० ते ४५० मिली. भिंतीवर लटकणारी अर्ध्या लिटरची बाटली त्याच्या एकूण रक्तापेक्षा मोठी आहे. तिचा चाक चुकून सैल राहिला, तर काय होईल याचा अंदाज यावरून येतो.

तिसरा, रस्त्यावर गाडीची धडक बसलेला, २० किलोचा नर. हिरड्या पांढुरक्या, नाडी कमजोर आणि वेगवान, पाय मोडलेला. याला आधी भूल देणंच चूक ठरेल. आधी त्याला स्थिर करावं लागतं. अशा धक्क्याच्या अवस्थेत किलोमागे साधारण १५ ते २० मिली द्रव पंधरा ते तीस मिनिटांत देतात आणि मग पुन्हा तपासतात. म्हणजे या कुत्र्याला ३०० ते ४०० मिली, तेही झटपट. पण पोटात रक्तस्राव चालू असेल किंवा फुप्फुसाला मार बसला असेल, तर इथेही हात आखडावा लागतो. रक्त पातळ झालं की ते गोठत नाही आणि दाब एकदम वाढला की बसलेली गुठळी सुटू शकते.

चौक एक आणि दिवसही एकच, पण तिघांचा डोस पूर्ण वेगळा. म्हणून "सलाईन लावलं का?" या प्रश्नातून फारसं काही कळत नाही.

आधी काय तपासायचं?

भूल देण्याआधी डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी शोधत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे शरीरात पाणी कमी आहे का. हिरड्या ओल्या आणि गुलाबी आहेत का, हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परततो का, मानेवरची कातडी उचलून सोडल्यावर लगेच खाली बसते का, डोळे खोल गेलेत का, हे पाहिलं जातं. पाच टक्क्यांपेक्षा कमी कमतरता वरून दिसत नाही. कातडी हळू बसायला लागली, की कमतरता त्याच्या पुढे गेलेली असते. बारा टक्क्यांच्या पुढे प्राणी धक्क्यात जातो. हिशोब सोपा आहे. २० किलोच्या कुत्र्यात आठ टक्के कमतरता असेल, तर १.६ लिटर द्रव कमी आहे. तातडीचं ऑपरेशन नसेल, तर हा तोटा भूल देण्याआधी काही तासांत भरून काढायचा असतो. टेबलावर घेतल्यावर घाईघाईने नाही.

गर्भाशयात पू झालेली मध्यमवयीन मादी हे याचं नेहमीचं उदाहरण. ती दोन-तीन दिवस जेवलेली नसते, उलट्या झालेल्या असतात, वर संसर्ग. ऑपरेशन तातडीचं असलं, तरी आधीचे काही तास द्रव आणि प्रतिजैविक देण्यात घालवले, तर ती भूल झेलण्याच्या स्थितीत येते.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्त पुरेसं आहे का. महाराष्ट्रात गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत सर्रास दिसतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि हिमोग्लोबिनही उतरतं. असा कुत्रा वरून धडधाकट दिसू शकतो, पण टेबलावर रक्त थांबत नाही. कितीही सलाईन दिलं तरी त्यातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी मिळत नाहीत. उलट आहे ते रक्त आणखी पातळ होतं. जून २०२४ मध्ये रतन टाटा यांनी इन्स्टाग्रामवर सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठी रक्तदात्या कुत्र्याचं आवाहन केलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. गोचीड तापाचा संशय आणि जिवावर बेतलेला रक्तक्षय, असं कारण त्यात दिलं होतं. मुंबईतल्या सुसज्ज प्राणी रुग्णालयातही त्या अवस्थेत सलाईनवर भागत नाही, रक्तच लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे हृदय आणि मूत्रपिंडाची स्थिती. हृदय कमजोर असेल तर द्रव कमी द्यावा लागतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर शरीर कोरडं पडू देऊन चालत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात दोन्ही त्रास एकत्र असले, की डॉक्टरचा खरा कस लागतो.

रक्तदाब घसरला, मग सलाईन वाढवायचं?

हाताची पहिली ओढ चाक सैल करण्याची असते. पण आधी दाब का घसरला, ते बघावं लागतं.

भूल गरजेपेक्षा खोल असेल, तर आधी वायूचं प्रमाण कमी करायचं. दुखण्याचं चांगलं औषध आधी दिलेलं असेल, तर कमी वायूत काम भागतं. हृदयाचे ठोके फार मंद झाले असतील, तर त्यावरचं औषध द्यायचं. रक्त गेलं असेल, तर किती गेलं ते मोजायचं. रक्ताने भिजलेल्या कापसाच्या पट्ट्या वजनकाट्यावर ठेवून कोऱ्या पट्ट्यांचं वजन वजा केलं, की साधारण एक ग्रॅम म्हणजे एक मिली रक्त असा अंदाज येतो.

यानंतरही दाब वर येत नसेल आणि द्रव कमी असल्याची शंका असेल, तर किलोमागे ५ ते १० मिलीचा छोटा डोस दहा-पंधरा मिनिटांत देऊन बघतात. दाब सुधारला, नाडी भरली, तर गरज होती असं समजायचं. काही फरक पडला नाही, तर तोच डोस पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नसतो. कारण अडचण द्रवाची नाही, सैलावलेल्या वाहिन्यांची किंवा थकलेल्या हृदयाची आहे. तिथे रक्तवाहिन्या आवळणारी किंवा हृदयाला जोर देणारी औषधं लागतात.

हे सगळं करायचं, तर रक्तदाब मोजला जायला हवा. बोटाला लागलेली नाडी किंवा जिभेला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा रक्तदाब सांगत नाही. चिमट्यावर ९८ टक्के दिसत असताना दाब खाली असू शकतो.

बाटलीत काय असतं?

आपण सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो, पण त्या वेगवेगळ्या असतात. भुलेखालच्या बहुतेक कुत्र्यांसाठी आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट पसंत केलं जातं, कारण त्यातल्या क्षारांचं प्रमाण रक्ताच्या जवळ जातं. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराईड जास्त असतं. ते खूप दिलं, तर रक्त आम्लधर्मी होतं. नुसत्या डेक्स्ट्रोजच्या बाटलीतली साखर शरीराने वापरली, की उरतं ते पाणी. पिल्लाची साखर उतरली असेल तर ती बाटली हवीच, पण घसरलेला रक्तदाब सावरायला ती उपयोगाची नाही.

दर सांभाळायला पंप नसला, तरी थेंब मोजता येतात. नेहमीच्या बहुतेक संचात २० थेंबांचा एक मिली होतो, बारीक संचात ६० थेंबांचा. २० किलोच्या कुत्र्याला तासाला १०० मिली द्यायचे, तर साध्या संचातून मिनिटाला साधारण ३३ थेंब. ५ किलोच्या निरोगी कुत्र्याला तासाला २५ मिली द्यायचे, तर बारीक संचातून मिनिटाला २५ थेंब.

नसबंदी केंद्रात हे शक्य आहे का?

इथे दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक म्हणते, भटक्या कुत्र्याला कशाला एवढे लाड. दुसरी म्हणते, प्रत्येकाला मोठ्या रुग्णालयासारखीच सोय हवी. व्यवहारात मधला मार्ग निघू शकतो.

अनेक केंद्रांत झायलाझिन आणि केटामाइन ही इंजेक्शनची भूल वापरतात. झायलाझिनने हृदयाचे ठोके मंदावतात, लघवी वाढते आणि सुरुवातीला रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे रक्तदाबाचा आकडा चांगला दिसला, तरी अवयवांना रक्त कमी पोहोचत असू शकतं. अशा कुत्र्याला जास्त द्रव देऊन फारसं साधत नाही. त्यासाठी वजन करून मोजलेला भुलेचा डोस लागतो.

पकडताना कुत्रा धावतो, धापा टाकतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, त्यातून बरंच पाणी जातं. म्हणून पकडून आणलेल्या कुत्र्याला लगेच टेबलावर न घेता सावलीत विश्रांती आणि पाणी देणं, हीच निम्मी द्रवचिकित्सा आहे. त्यानंतर वजन, हिरड्या, गोचीड, गाभण आहे का, यांची तपासणी. ज्याच्या हिरड्या फिकट असतील, त्याला त्या दिवशी बाजूला ठेवायचं. शिरेत सुई, तातडीची औषधं हाताशी, आणि शुद्धीवर येईपर्यंत बघणारा एक माणूस.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात कुत्र्यांचे ४७ टक्के मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे होते, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांतले. टाके घालून झाले की टेबल रिकामं होतं, पण धोका संपलेला नसतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना महागडं यंत्र लागत नाही. आरएलची बाटलीही फार महाग नसते. खर्च होतो तो माणसाच्या वेळेवर. अनेक ठिकाणी संस्थेला दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम मिळते. त्यामुळे दिवसाला आणखी चार ऑपरेशन्स करण्याचं गणित जमतं, शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्याजवळ तीन तास माणूस बसवण्याचं जमत नाही. न्यायालयाचा आदेश पाळायची घाई वाढेल, तसा हा ताण वाढत जाणार आहे. करारात नसबंदीच्या संख्येसोबत वजनाची नोंद, भुलेचा डोस, दिलेला द्रव, शुद्धीवर आल्याची वेळ आणि मृत्यूंचा आकडा या पाच रकाने मागितले, तर कामाचा दर्जा तपासता येईल. नागरिकांनाही महापालिकेकडे या नोंदी मागता येतात. व्हायरल व्हिडिओपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आपल्या कुत्र्याचं ऑपरेशन असेल तर काय विचारावं?

डॉक्टरवर संशय घ्यायचा नाही, पण प्रश्न विचारायला हरकत नाही. हे पाच प्रश्न लक्षात ठेवा.

- ऑपरेशनआधी रक्ततपासणी होणार आहे का? विशेषतः गोचीड झाले असतील तर हिमोग्लोबिन आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी बघणार का?
- याच्या वजनाला द्रवाचा दर किती धरला आहे आणि तो कसा मोजणार?
- भुलेखाली रक्तदाब मोजला जाईल का?
- रक्तस्राव जास्त झाला तर रक्ताची सोय कुठून होईल?
- शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असेल?

घरचं कामही असतं. आदल्या रात्रीपासून जेवणाबरोबर पाणीही काढून घेणारी बरीच घरं आहेत. बहुतेक निरोगी, मोठ्या कुत्र्यांत पाणी एवढं आधी बंद करायची गरज नसते. उलट कुत्रा कोरड्या अंगाने टेबलावर जातो. किती तास उपाशी ठेवायचं आणि पाणी कधीपर्यंत चालेल, हे दोन्ही वेगवेगळं विचारून घ्या. पिल्लं आणि मधुमेही कुत्र्यांसाठी उत्तर वेगळं असतं. चालू असलेली औषधं, खोकला, लवकर दमणं, जास्त पाणी पिणं यातलं काहीही लपवू नका. डोस त्यावरच ठरतो.

घरी आणल्यावर श्वासाकडे लक्ष द्या. शांत झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते, ते मोजा. ती सतत तीसच्या वर जात असेल, नाकातून पातळ पाणी येत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग सुजलेला दिसत असेल किंवा खोकला सुरू झाला असेल, तर अंगात द्रव जास्त झाल्याची शंका येते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्रा उठतच नसेल किंवा पोट फुगत असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. दोन्ही वेळी सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या वेळी एखाद्या व्हिडिओत भुलेखालच्या कुत्र्याशेजारी बाटली दिसली किंवा दिसली नाही, तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका. त्याचं वजन केलं होतं का, दाब कोण बघत होतं आणि तो शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोणी होतं का, हे विचारा.